ट्यूबवरचं ठिगळ

"थांबा, थांबा डाक्टर! तिथंच उभं ऱ्हावा. एवढा तुकडा ऱ्हायलाय."

केशरबाईनं हातातलं दाताळं वाटेवर आडवं धरलं, तसा उत्तरेश्वरनं ब्रेक दाबला. मोटारसायकल धुळीत थोडी घसरली आणि थांबली. माळवस्तीकडे जाणारी ही कच्ची वाट त्याच्या रोजच्या पायाखालची, पण आज ती ओळखू येत नव्हती. चाकोरीतला पाला, वाळक्या शेंगा, काटक्या, सगळं गायब होतं. बाभळीच्या फांद्यांचे ढीग दोन्ही कडांना लावलेले होते आणि मधली माती अंगणासारखी ओरखडलेली दिसत होती.

"वैनी, हे काय काढलंय?"

"काय म्हंजी? रस्ता झाडतीय."

"मंत्री येतोय का काय वस्तीवर?"

"मंत्री येऊन काय उजेड पाडणार हाय? तुमाला यायचं असतंय." केशरबाईनं दाताळ्यात अडकलेली फांदी चपलेनं दाबून सोडवली. "रोज सकाळी झाडते. वारं सुटलं की पुन्ना येऊन पडतंय मेलं. पण आता तुमची गाडी पंक्चर व्हायची न्हाई. काय बी करून न्हाई."

उत्तरेश्वरनं इंजिन बंद केलं. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून तो म्हणाला, "कशाला एवढा ताप घेता?"

"माझी गेली ती गेली. कालवड तिचीच लेक हाय, ती बी ह्याच म्हयन्यात व्यायची. तवा तुमी वेळंवर आलं पायजे." ती कमरेवर हात ठेवून ताठ झाली. "त्या दिशी वड्यावरच्या नळीपाशीच बसली व्हती ना गाडी?"

"हां. नळीपाशी."

"मी दुसऱ्या दिशी जाऊन बघितलं. छबुआत्यानं शेरडाला पाला तोडला व्हता, आन फांद्या तशाच वाटंत टाकून गेलती म्हातारी. हे एवढाले काटं! तिच्या दारात जाऊन असं बोलले, असं बोलले, की समदी वस्ती गोळा झाली. म्हणलं, तुझ्या शेरडाचं पोट भरलं आन माझी गाय उताणी झाली."

उत्तरेश्वरनं खाली मान घालून किक मारली. पहिल्या किकेत गाडी सुरू झाली नाही. दुसरीतही नाही.

"पेट्रोल हाय का?" केशरबाई हसत म्हणाली. "का आता त्याचा बी रस्ता मीच झाडू?"

* * *

गाय जाऊन महिना होत आला होता.

उत्तरेश्वर तालुक्याच्या दूध संघात कामाला होता. गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचं, लशी टोचायच्या, बारीकसारीक औषधपाणी करायचं, हे त्याचं काम. खरा पशुवैद्यक तालुक्याला बसायचा आणि क्वचित गाठ पडायचा, त्यामुळे दिंद्रुडच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर उत्तरेश्वरलाच डाक्टर म्हणत. वळूचं रेत गोठवून ठेवलेला नायट्रोजनचा कॅन मागच्या सीटवर बांधून तो दिवसभर हिंडायचा. त्याचा हात चांगला होता. अडलेलं वासरू त्यानं आत हात घालून वळवलं आणि ते तासाभरात उठून आईला ढुसण्या द्यायला लागलं, असं कितीतरी गोठ्यांत घडलं होतं.

त्या दिवशी केशरबाईचा फोन आला तेव्हा तो संघाचे संचालक मोहनराव यांच्या वाड्यासमोरच्या मांडवात जेवायला बसला होता. मोहनरावांकडे बीडचे पाहुणे आले होते. त्यांना नवी मुऱ्हा म्हैस दाखवायची, आणि म्हैस दाखवताना शेजारी डाक्टर उभा असला की शोभा येते, म्हणून त्याला सकाळीच बोलावलं होतं. निरोप मात्र असा होता की म्हैस वैरण खात नाही. म्हैस उत्तम खात होती.

"पाण्याची पिशवी फुटलीय डाक्टर," केशरबाई फोनवर म्हणाली होती. "खूर एकच दिसतंय."

"निघालोच," तो म्हणाला होता.

तेवढ्यात ताटात रस्सा पडला. मोहनराव म्हणाले, "बस की बे, जेवल्याबिगर कुठं चालला?" एवढंच. पुढे त्यांनी काही आग्रह केला नाही. ते पाहुण्यांशी उसाच्या भावाबद्दल बोलत राहिले. उत्तरेश्वर उठला असता तर त्यांच्या लक्षातही आलं नसतं, आणि आलं असतं तरी त्यांनी हात धरून बसवलं नसतं. हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण गाय तिसऱ्या वेताची होती, आधीची दोन्ही वेतं सोपी झाली होती, आणि मोहनरावांच्या पंक्तीला पाहुण्यांच्या बरोबरीनं बसायचा मान त्याला पहिल्यांदाच मिळाला होता. त्यानं रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला. जेवणानंतर पानाचं तबक फिरलं. पुढे पाहुण्यांपैकी एकानं गाईच्या जातींबद्दल विचारलं आणि तो बोलत बसला. चांगलं बोलला. सगळे ऐकत होते.

पाण्याची पिशवी फुटल्यावर वासरू अडलं तर सुरुवातीला हाताला वाव असतो. आत ओल असते, वासरू थोडं मागं ढकलता येतं, मुडपलेली मान धरून सरळ करता येते. वेळ जातो तशी ओल सुकते, गर्भपिशवी वासराला चारी बाजूंनी आवळत जाते, आणि गाय कळा देत राहते. शेवटी गर्भपिशवीच कुठंतरी फाटते. उत्तरेश्वरला हे पाठ होतं. हीच गोष्ट तो संघाच्या मेळाव्यात शेतकऱ्यांना फळ्यावर आकृती काढून सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "म्हणून मला लवकर बोलवा."

तो पोहोचला तेव्हा उन्हं कलली होती. वासरू मेलेलं निघालं. गाईनं मान जमिनीवर टाकली ती पुन्हा उचलली नाही. केशरबाईचा नवरा रामहरी ऊसतोडीला कारखान्यावर गेलेला, वस्तीवर म्हातारी माणसं आणि दोन-चार बायका. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. कुणी काही विचारलंही नव्हतं. तो आपणहून बोलला.

"नळीपाशी गाडी पंक्चर झाली. ढकलत न्यावी लागली."

केशरबाईनं गाईच्या डोळ्यावरची माशी हाकलली आणि त्याच्याकडे वर बघून म्हणाली, "उन्हातानाचं ढकलत आले? पाणी तरी प्यालात का कुठं?" आणि टँकरच्या पाण्यातला तांब्या भरून आणून तिनं त्याच्या हातात दिला. तो त्यानं पिऊनही टाकला.

* * *

मोटारसायकल अखेर सुरू झाली. कालवड तपासून परत निघताना वस्तीच्या टोकाला छबुबाईच्या खोपटापुढे तो थांबला. थांबायचं काही काम नव्हतं. शेरडं दावणीला बांधलेली होती आणि म्हातारी त्यांच्यापुढे बोराटीची वाळकी पानं झाडून टाकत होती.

"आत्या, ह्या येळंला शेरडं घरी?"

"मंग कुठं नेऊ? तुझ्या डोस्क्यावर?" छबुबाईनं वर बघितलं नाही. "वस्तीनं ठराव केलाय. वाटंवरच्या बाभळीला आकडी लावायची न्हाई. कावून? तर डाक्टरच्या गाडीला काटा लागतो. आता ह्या माळाला वाटंवर सोडून दुसरीकडं बाभळी हायत का? तूच सांग. हायत त्या पार नदीच्या अंगाला. माझं काय वय हाय का तिकडं जायचं?"

दुष्काळात गाईंना चारा छावणीतून निदान उसाच्या शेंड्यांची वाढी मिळत होती. शेळ्यांना छावणी नव्हती. त्यांना बाभळीचा पाला आणि शेंगा, एवढाच आधार. लांब काठीला विळा बांधलेली आकडी म्हातारीच्या खोपटाला टेकून उभी होती.

"पोटाला कमी पडतंय का त्यांना?"

"दिसंना का तुला? डाक्टर हायस ना?" आता तिनं वर बघितलं. "एक सांगू का. मी इतकी वर्सं पाला तोडते. फांदी तोडली की दांडक्यानं बाजूला सारते. न्हाई सारली असं कवा झालं न्हाई. पण त्या दिशी झालं आसंल. म्हातारपण हाय, इसरले आसंल. केशरीची गाय माझ्यापायी गेली. आता ती तोंडावर बोलली म्हणून मी काय म्हणू? बोलणारच की."

"आत्या, तसं काय न्हाई..."

"तसंच हाय. तू मला बरं वाटावं म्हणून बोलतूस." तिनं शेवटची पानं झाडली. "जा. उन्ह व्हतंय."

तो गेला. गाडी चालवता चालवता त्यानं मनाशी वाक्य जुळवायला घेतलं. 'आत्या, त्या दिवशी पंक्चर झालंच नव्हतं.' वाक्य अगदी साधं होतं. पण त्याच्यामागोमाग येणारा प्रश्न त्याला ऐकू यायचा, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात रस्सा होता, पान होतं, गाईच्या जातींवरचं व्याख्यान होतं. नोकरी जाण्याची भीती असती, मोहनरावांनी अडवून ठेवलं असतं, तर सांगताना काहीतरी हाताशी असतं. तसं काहीच नव्हतं.

* * *

दोनच दिवसांनी केशरबाईनं फोन केला.

"डाक्टर, बाजारच्या दिशी दिंद्रुडला येतीय. तुमी बी बद्रीनाथच्या दुकानी या. गाडी घेऊन."

"कशाला?"

"ह्यांची गाडी उभीच हाय घरी. हे कारखान्यावरनं येस्तोवर ट्यूब सडूनच जायची. बद्रीनाथ म्हणला, जुनी ट्यूब कापून तिचा पट्टा टायरच्या आतनं लावला की काटा आत जातच न्हाई. तुमच्या मागच्या चाकाला लावून घेऊ. मी ट्यूब काढून ठिवलीय."

"वैनी, राहू द्या. दादांची ट्यूब कशाला कापता?"

"मी कापती का? बद्रीनाथ कापणार हाय." आणि फोन बंद.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. पट्टा बसवायचा म्हणजे टायर उघडणार, ट्यूब बाहेर येणार. ट्यूब दिवाळीत नवी टाकलेली होती, बद्रीनाथनंच टाकली होती, आणि तिच्यावर एकही ठिगळ नव्हतं. ती बघितल्यावर त्याचं खोटं उघडं पडायला कुणी काही बोलायची गरजच पडली नसती.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी तो नळीपाशी गाडी घेऊन गेला. काटा शोधायला लागला. वाटेत एक काटा नव्हता. केशरबाईनं नळीच्या दोन्ही बाजूंना चांगलं लांबवर झाडलं होतं. शेवटी तो वाट सोडून बाभळीखाली शिरला आणि एक लांब, पांढरा, टणक काटा मोडून घेतला.

"काय करतूस रे डाक्टर?"

छबुबाई एका शेरडाला दोरीनं ओढत उभी होती.

"काय न्हाई आत्या. दात कोरायला."

"एवढा काटा? वाघाचा हाय का दात?" म्हातारी हसली. "घे बाबा, तूच घे. आमाला तर ह्या झाडाला हात लावायची चोरी झाली."

ती वळणाआड जाईपर्यंत तो खरंच दातात काटा धरून उभा राहिला. मग उकिडवा बसला आणि टायरच्या खोल खाचेत काटा दाबायला लागला. टायर चांगल्या हवेनं टणटणीत होतं. काटा मोडला. दुसरा वाकला. हातानं दाबून काटा टायरच्या आरपार जात नाही, त्याला माणसासकट गाडीचं वजन लागतं, हे त्याला उकिडवं बसूनच कळलं. मग त्यानं एक जाड फांदी वाटेत आडवी टाकली आणि तिच्यावरून गाडी पुढे नेली, मागे घेतली, पुन्हा पुढे नेली. कुणी लांबून बघितलं असतं तर वाटलं असतं, माणूस गाडी शिकतोय. चौथ्या-पाचव्या खेपेला बारीक सूं असा आवाज आला.

त्याला हायसं वाटलं. आणि ते वाटलं याची त्याला इतकी किळस आली की तो तसाच सीटवर बसून राहिला, चाक खाली बसेपर्यंत.

तेलगावच्या नाक्यावर त्याला कुणी फारसं ओळखत नव्हतं. गाडी टेम्पोत घालून तो तिथे गेला आणि पंक्चर काढून आला. आधी फांदी वाटेतून उचलून त्यानं कडेच्या ढिगावर नीट ठेवली होती.

* * *

बद्रीनाथचं दुकान म्हणजे दिंद्रुडच्या फाट्यावर चार पत्रे, एक कंप्रेसर आणि पाण्याचं घमेलं. घमेल्यातलं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि त्याच्यावर झाकण ठेवलेलं होतं. टँकरच्या पाण्यात ट्यूब बुडवायची म्हणजे त्यालाही जिवावर यायचं. पंक्चर शोधून झालं की तो पुन्हा झाकण ठेवायचा.

केशरबाई आधीच येऊन बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत गुंडाळी केलेली ट्यूब.

"आले बघा आमचे डाक्टर," ती बद्रीनाथला म्हणाली. "असा पट्टा लाव, की खिळ्यावरनं गेली तरी कळू नये."

"खिळ्याचं न्हाई सांगत. काट्याला भारी हाय." बद्रीनाथनं मागचं चाक खोललं, दोन लोखंडी पट्ट्या घालून टायरची कड उचलली आणि ट्यूब ओढून बाहेर काढली. हात फिरवता फिरवता तो थांबला. "डाक्टर, हे ठिगळ कुणाचं?"

"म्हणजे?"

"म्हंजी माझं न्हाई हे. मी कडा घासून पातळ करतो. हे बघा, नुसतं थापलंय. कुणाकडं गेलतात?"

"तिकडं... तेलगावला."

"तेलगाव!" बद्रीनाथनं ट्यूब गुडघ्यावर आपटली. "ट्यूब मी टाकायची, हवा फुकट मी भरायची, आन पंक्चरला तेलगाव? आवो, सोयरीक असल्यावानी वागतो मी तुमच्याशी!"

"आरं, त्या दिशी जवळ असंल ते गाठलं आसंल त्यांनी," केशरबाई म्हणाली. "अडचणीत माणूस बघतंय का कुणाचं दुकान? आण इकडं, बघू."

तिनं ट्यूब मांडीवर घेतली. फाट्यावर एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हरनं हवेसाठी हाक मारली, तसा बद्रीनाथ कुरकुरत कंप्रेसरची नळी ओढत तिकडे गेला.

केशरबाईनं ठिगळ शोधलं. चौकोनी, काळं, कडेनं चिकटवायच्या सुलेशनचा पिवळट डाग. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं. बोटाचं टोक फिरवून फिरवून ती बघत राहिली, जनावराच्या अंगावरची गाठ चाचपावी तशी.

"एवढंसंच व्हय," ती म्हणाली. आवाज खाली गेला होता. "एवढ्याशा भोकानं गेली माझी गाय."

गाय गेली त्या दिवशीही ती रडली नव्हती. आता तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि लावून झाल्यावर ट्यूबवर पडलेला थेंब पुसला.

"वैनी," उत्तरेश्वर म्हणाला, "त्या दिवशी पंक्चर नव्हतं."

"आं?"

"हे ठिगळ कालचंय. मी मुद्दाम काटा घातला. तुम्ही ट्यूब बघाल म्हणून. त्या दिवशी गाडी चांगली होती."

ट्रॅक्टरच्या चाकात हवा जायचा आवाज येत होता. केशरबाईचं बोट ठिगळावरच होतं.

"मंग कुठं व्हता?"

"मोहनरावांकडं."

"त्यांचं काय अडलं व्हतं?"

"काय नाही. जेवत होतो."

तिनं मान हलवली. समजलं म्हणून हलवली, की समजत नाही म्हणून, हे त्याला कळलं नाही. तो शिव्यांची वाट बघत होता. छबुबाईच्या दारात ऐकवल्या होत्या तशा. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी फोन केला तवा जेवत व्हता?"

"हो."

"आन नंतर?"

"नंतर... बसलो. बोलत बसलो."

ट्यूब मांडीवरून खाली ठेवत ती म्हणाली, "गाईचं एक असू द्या. गाय माझी व्हती, मी बघून घीन. पण त्या म्हातारीला मी काय काय बोलले डाक्टर. तुझं पोरगं बी ह्याच करणीनं गेलं, म्हणले मी तिला. समद्या वस्तीसमोर. माझ्या तोंडून गेलं ते. ते तुमी घालवलं माझ्या तोंडून."

"मी आजच सांगतो," उत्तरेश्वर म्हणाला. "वस्तीवर येतो, सगळ्यांसमोर सांगतो. आत्याला आकडी लावू द्या म्हणतो."

"काय करायची गरज न्हाई." तिचा आवाज आता कोरडा झाला. "तुमी सांगून मोकळं व्हाल. मंग तुमाला कोण बोलवंल? आन न्हाई बोलवलं तर येतंय का दुसरं कोण? माझी कालवड हाय, सुंदराबाईची म्हैस हाय. त्यांला कुणी बघायचं? वस्तीत एक शब्द बोलायचा न्हाई. तसंच वागवा आता ते."

बद्रीनाथ परत आला. त्यानं रामहरीची ट्यूब कात्रीनं उभी चिरली, व्हॉल्व्हचा भाग कापून टाकला, टायरच्या आतून बोटं फिरवून काट्याचं टोक राहिलं नाही ना ते चाचपलं आणि पट्टा बसवला. केशरबाई बारकाईनं बघत होती. "हितं सुरकुती पडली," ती एकदा म्हणाली, आणि त्यानं ती सरळ केली. चाक बसलं, हवा भरली.

"आता बिनधास्त," बद्रीनाथ म्हणाला. "आन डाक्टर, पुन्ना तेलगावला गेलात तर बघा."

केशरबाई उठली. वस्तीकडची जीप बाजार सुटल्याशिवाय निघणार नव्हती, आणि टँकर दुपारचा येऊन जाणार होता. दारात कुणी नसलं की टाकी रिकामी राहते, पुढचा टँकर कधी ते कुणी सांगत नाही. तिनं उन्हाकडे बघितलं, मग गाडीकडे.

"सोडता का?" ती म्हणाली.

मागच्या सीटवर कॅन बांधलेला होता. तो सोडून उत्तरेश्वरनं तिच्या हातात दिला, तेव्हा सवयीनं बोलून गेला, "आडवा होऊ देऊ नका, आतलं उडून जातं." ती पाय एका बाजूला टाकून बसली, कॅन मांडीवर उभा धरला आणि दोन्ही हातांनी त्याला मिठी घातल्यासारखा आवळला. रस्ता खड्ड्यांचा होता. एरवी अशा रस्त्याला मागं बसलेलं माणूस नकळत पुढच्याचा खांदा धरतं. तो प्रत्येक खड्ड्याला गाडी हळू करत होता आणि प्रत्येक खड्ड्यात खांद्यावर हात पडायची वाट बघत होता. हात पडला नाही.

वस्तीत टँकर लागलेला होता. बायकांची पाइपावरून भांडणं चालली होती. "केशरे, आली व्हय ग? बॅरल कुठंय तुझा?" कुणीतरी ओरडलं.

"हितं थांबवा," केशरबाई म्हणाली.

ते छबुबाईचं खोपट होतं. तिचं घर अजून पुढं, टँकरच्याही पलीकडं. ती उतरली, कॅन सरळ धरून त्याच्या हातात दिला.

"मी येऊ?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

टँकरवाल्यानं हॉर्न वाजवला. कुणीतरी पुन्हा तिच्या नावानं हाक मारली. केशरबाईनं तिकडे बघितलं नाही. तिनं दाराशी चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि वाकून आत गेली. दार एवढं ठेंगणं होतं की वाकल्याशिवाय कुणालाच आत जाता येत नसे. तरी ती जरा जास्तच वाकली.

उत्तरेश्वर कॅन छातीशी धरून वाटेतच उभा राहिला. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. दावणीची शेरडं मान वर करून दाराकडे बघत होती, आणि टँकरचा पाइप एकेका बॅरलमधून निघून पुढं पुढं सरकत चालला होता.